‘गरीब जनावर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या घोड्यास

प्रिय मित्रा,

तुझं नाव मला ठाऊक नाही. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला तापीकाठी भरणाऱ्या बाजारात तू उभा असशील, किंवा एखाद्या वरातवाल्याच्या पागेत, किंवा रेसकोर्सवरून नुकताच बाहेर पडून नव्या धन्याच्या शोधात असशील. तुझा आजचा धनी गिऱ्हाइकाला सांगतोय, “साहेब, एकदम गरीब जनावर आहे. पोरं पोटाखालून गेली तरी हलणार नाही.” गिऱ्हाईक खूश आहे. त्याला विशेष मुलांसाठी घोडेस्वारीच्या उपचारांचं केंद्र काढायचंय आणि त्याच्या मनात असाच न हलणारा घोडा आहे.

पत्र लिहायचं कारण तुझं हे न हलणंच आहे. तू खरोखर निवांत आहेस, की सांगून सांगून कुणी ऐकत नाही म्हणून सांगणंच सोडून दिलंयस? लांबून दोन्ही सारखंच दिसतं. निवड करणाऱ्यांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते, आणि ती पुढे तुलाही भोवते, तुझ्या पाठीवर बसणाऱ्या मुलालाही.

आधी तुला काम काय आहे ते सांगतो, कारण तुला ते कुणी सांगणार नाही. तू कदम चालीने चालतोस तेव्हा चारही पाय एकापाठोपाठ एक, वेगवेगळे पडतात. त्यामुळे तुझी पाठ एकाच वेळी पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि थोडी पिळल्यासारखी हलते. माणूस चालताना त्याचं कंबरेचं हाड जसं हलतं, त्याच्याशी हे फार जुळतं. सेरेब्रल पाल्सीमुळे ज्या मुलाने स्वतःच्या पायावर कधी धड दहा पावलं टाकलेली नाहीत, त्याच्या कंबरेला आणि पाठीच्या कण्याला तुझ्या पाठीवर बसून चालण्याचा ठेका मिळतो. मिनिटाला शंभरेक पावलं, म्हणजे अर्ध्या तासात तोल सावरण्याच्या काही हजार संधी. फिजिओथेरपिस्टने कितीही मेहनत घेतली तरी टेबलावर हे घडवता येत नाही. तुझ्या चालीचा असा उपचार म्हणून वापर थेरपिस्ट करतो, तेव्हा त्याला हिप्पोथेरपी म्हणतात. मुलाला लगाम धरायला, घोडा वळवायला, थांबवायला प्रशिक्षक शिकवतो, ती उपचारात्मक घोडेस्वारी. आपल्याकडच्या जाहिरातींत दोन्हींची सर्रास खिचडी केलेली असते.

या सगळ्याला जगभर तोंड फुटलं ते तुझ्याच एका जातबहिणीमुळे. लिस हार्टेल ही डेन्मार्कची घोडेस्वार. १९४४ साली गरोदर असताना तिला पोलिओ झाला आणि गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले. घोड्यावर चढायला आणि उतरायला तिला माणूस लागायचा. पण १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, ड्रेसाजच्या स्पर्धेत स्त्रियांना पहिल्यांदाच उतरता आलं त्या वर्षी, तिने ज्युबिली नावाच्या घोडीवर बसून पुरुषांच्या बरोबरीने रौप्यपदक मिळवलं. सुवर्णपदक मिळवणाऱ्या स्वीडनच्या हेन्री सां सीरने तिला आधार देऊन विजयमंचावर चढवलं. १९५६ मध्ये तिने पुन्हा रौप्य घेतलं. तिच्या यशानंतर युरोपात घोडेस्वारीच्या उपचारांची केंद्रं निघू लागली. १९६९ साली ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत त्यांच्या राष्ट्रीय संघटना उभ्या राहिल्या. हार्टेलवर पुष्कळ लिहिलं गेलंय. ज्युबिलीबद्दल शोधायला गेलास तर चार ओळी मिळतील. पायाने इशारा न देणाऱ्या स्वाराचं मन नुसत्या पाठीवरून ओळखणारी घोडी ती!

आता तुझी परीक्षा. आपल्याकडे घोडा पारखण्याची परंपरा जुनी आहे. शालिहोत्राच्या अश्वशास्त्रापासून चालत आलेली, अंगावरचे केसांचे भोवरे बघायची, गळ्यावरचा देवमण भोवरा शोधायची, चार पांढऱ्या पायांचा आणि पांढऱ्या कपाळाचा पंचकल्याणी असला तर भाव चढवायची. सारंगखेड्याला आजही लाखांच्या गोष्टी यावर ठरतात. त्याला माझा विरोध नाही, बाजाराला बाजाराची मजा असते. पण मुलाच्या कण्याला तुझ्या कपाळावरच्या भोवऱ्याचा काही उपयोग नाही. तुला सरळ कडक जमिनीवर चालवून बघायला हवं. आधी कदम, मग दुडकी. दुडकीत डोकं वरखाली होत असेल तर पुढचा एखादा पाय दुखतोय. चांगला पाय टेकताना डोकं खाली जातं, दुखरा टेकताना वर उचललं जातं. कदम चालीत मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशात किंवा त्याच्याही पुढे पडतो का, ते मातीत बघावं. एका बाजूचं पाऊल आखूड पडत असेल तर तू त्या मुलाला दर पावलागणिक वाकडा ठेका शिकवशील. लंगडा घोडा शर्यतीला चालत नाही हे सगळ्यांना कळतं. “इथे काय, हळूहळूच तर चालायचंय” म्हणून तो उपचारांना मात्र चालवून घेतला जातो. खरं तर इथे तो सगळ्यात कमी चालतो.

रवाल चालीचंही तसंच. बाजारात ज्याची चाल रवाल, त्याला मागणी, कारण स्वाराच्या पोटातलं पाणी हलत नाही. इथे तर पोटातलं पाणी हलायलाच हवं. ज्या चालीत बसणाऱ्याची कंबर स्थिर राहते, ती चाल उपचाराच्या दृष्टीने बिनकामाची. म्हणजे बाजारातला सगळ्यात महागडा घोडा या कामाला बहुधा नापास.

उंचीचं गणित वेगळंच आहे. तुझ्या पाठीवर मूल बसलं की एक माणूस तुझ्या तोंडाशी दोर धरून चालतो आणि दोन्ही बाजूंनी एकेक माणूस मुलाच्या मांडीला, घोट्याला हात लावून. तू रेसकोर्सवरचा सोळा मुठींचा थरोब्रेड असलास तर त्यांचे हात खांद्याच्या वर जातात आणि दहा मिनिटांत दुखायला लागतात. मूल घसरलं तर सावरणार कोण? शिवाय तुला लहानपणापासून एकच शिकवलंय: कळपात सुटायचं आणि पुढे जायचं. त्यातून बाहेर येऊन शांतपणे चालायला शिकलेले थरोब्रेड आहेत, नाही असं नाही, पण त्याला जाणता माणूस आणि भरपूर वेळ लागतो. ‘फुकट मिळाला’ हे घोडा घेण्याचं कारण होऊ शकत नाही. महिना-दोन महिने चाचणीवर ठेवून, नाही जमलं तर परत देता येईल अशा बोलीवरच तुला आणावं.

आपल्या मातीतला भीमथडी तट्टू या कामाला किती जवळचा आहे, याकडे मात्र कुणी फारसं बघत नाही, याचं मला नवल वाटतं. भीमेच्या खोऱ्यातला, बुटका, काटक. मराठ्यांच्या फौजा ज्याच्या पाठीवर फिरल्या, तो. अलीकडेच त्याला स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली, पण त्याला टिकवलं ते भटकंती करणाऱ्या धनगरांनी. त्यांच्या वाड्याबरोबर, म्हणजे फिरत्या तळाबरोबर चालणारं तट्टू बघितलंयस का? पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोकरं, कोंबड्या, कधी वर एखादं पोर, आणि आजूबाजूला शेकडो मेंढरांचा गलका. मेंढरांच्या वेगाने दिवसभर चालायचं. जन्मापासून कळपात, माणसांत, पोराबाळांत वाढलेलं हे जनावर. उंची अशी की बाजूने चालणाऱ्याचा हात सहज मुलाच्या कंबरेशी पोचतो. मर्यादा वजनाची. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ नये हा जगभर पाळला जाणारा ठोकताळा. अडीचशे किलोच्या तट्टूला म्हणजे जेमतेम पन्नास किलो. लहान मुलांना ठीक, पोरगं वयात आलं की नाही. आणि खरेदी करताना ओझ्याच्या घासण्याने झालेले पाठीवरचे जुने व्रण चाचपून बघावेत. धनगराकडून चांगली घोडी पडत्या भावात उचलून आणण्यात मात्र काही पुण्य नाही. तिच्यावर त्याचं बिऱ्हाड चालतं.

आता तुझ्या गप्प बसण्याकडे येतो. तू वरातीतला असशील तर आधी तुझं तोंड उघडून बघायला हवं, आणि ते दातांवरून वय ठरवण्यासाठी नव्हे. जिभेवर, ओठांच्या कोपऱ्यात, दातांमधल्या रिकाम्या हिरडीवर जुने घाव आहेत का, ते बघायचं. काटेरी लगामाला १९६५ पासूनच्या नियमांनी आपल्या देशात बंदी आहे. तरी तो लगाम अजून लग्नसराईत दिसतो. त्या लगामाने शिकवलेला घोडा डीजेच्या भिंतीशेजारी, फटाक्यांत, नाचणाऱ्या पोरांत पुतळ्यासारखा उभा राहतो. बघणारा म्हणतो, केवढा शांत. त्या घोड्याला एवढंच कळलेलं असतं की हललो तर तोंड फाटतं.

२०१२ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी घोडेस्वारीच्या शाळेत काम करणाऱ्या ५९ घोड्यांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. त्यातले सुमारे एक चतुर्थांश घोडे अधूनमधून एका विशिष्ट पवित्र्यात उभे राहायचे: मान पाठीच्या रेषेत, डोळे उघडे पण एकाच जागी खिळलेले, कान स्थिर. हात लावला तरी त्यांची प्रतिक्रिया इतरांपेक्षा कमी. ताणाचं संप्रेरक त्यांच्या रक्तात जास्त असेल असं वाटेल, तर ते उलट कमी निघालं. माणसातल्या नैराश्याशी हे मिळतंजुळतं आहे, असं त्यांनी मांडलं. शाळेत अशा घोड्याला कुणी वाईट म्हणत नाही. तो कुणाला त्रास देत नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की तुझी परीक्षा घेताना तुला थोडं दचकवावं. वीस पावलांवर छत्री उघडावी, चाकाची खुर्ची ढकलत आणावी, चेंडू टाकावा. उधळलास तर तू नापास, यात वाद नाही. पण ढिम्म राहिलास, कानही हलला नाही, तरीही माझ्या लेखी तू नापास. निदान आत्ता तरी. आधी तुला चार महिने मोकळं सोडायचं, दुसऱ्या घोड्यांच्या संगतीत, आणि मग तुझं मत विचारायचं. पास तो, जो जागच्या जागी दचकतो, मान वर करतो, कान रोखून बघतो, फुरफुरतो आणि मग मान खाली घालून तोंड चाळवतो. भीती वाटते आणि ओसरतेही, असा घोडा. ज्याच्या पाठीवर अचानक किंचाळणारं, हात झाडणारं, एका बाजूला झुकणारं मूल बसणार आहे, त्याला आपली भीती ओसरू देता यायला हवी. भीतीच नसलेला घोडा नसतो. तू शिकार होणाऱ्या जातीचा आहेस. तुला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीमागचं नाही, आणि आम्ही माणसं नेमकी तिथूनच येतो.

मुलांचा तुला त्रास होतो का? २००६ साली अमेरिकेत एका केंद्रातल्या घोड्यांच्या ताणाच्या खुणा मोजल्या गेल्या: कान मागे पाडणं, शेपूट झटकणं, डोकं फिरवणं. अपंग किंवा मानसिक अडचणी असलेल्या स्वारांमुळे घोडे नेहमीच्या हौशी स्वारांपेक्षा जास्त त्रस्त दिसले नाहीत. त्रास जास्त झाला तो वागणुकीच्या समस्यांमुळे ‘धोक्यात’ मानल्या गेलेल्या मुलांमुळे. मला यात तुझ्या कामाची मोठी बाजू दिसते. मुलाचं अपंगत्व तुला खटकत नाही, हाताळणी खटकते. ती तर शिकवता येते.

आणि मुलांना फायदा होतो का, तर होतो, पण जाहिरातीत सांगतात तितका जादुई नाही. सेरेब्रल पाल्सीत बसण्याचा तोल आणि हालचाली सुधारल्याचे अभ्यास आहेत. बरेचसे लहान गटांवरचे. स्वमग्नतेच्या बाबतीत २०१५ साली अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये एक चांगली चाचणी झाली. सहा ते सोळा वर्षांची १२७ मुलं, दहा आठवडे. निम्मी खऱ्या घोड्यावर, निम्मी त्याच तबेल्यात पण घोड्याच्या आकाराच्या भरलेल्या बाहुल्यावर घोड्याची निगा शिकणारी. खऱ्या घोड्यावरच्या मुलांची चिडचिड आणि अतिचंचलता जास्त कमी झाली. म्हणजे तुझ्यात जे काही आहे ते बाहुल्यात नव्हतं. हे कळण्यासाठी चाचणी लागली, याचं तुला हसू येईल.

आता तुझ्या सांभाळाचं. तुझ्या पोटात आम्ल दिवसरात्र झिरपत असतं, खाल्लंस तरी, उपाशी असलास तरी. ते निवतं लाळेने, आणि लाळ सुटते चघळताना. म्हणजे तुझ्यापुढे वैरण जवळजवळ सतत हवी: वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण, चारशे किलोच्या घोड्याला सहा ते आठ किलो. आपल्याकडे मात्र सकाळ-संध्याकाळ तोबरा भरून हरभरे आणि कोंडा दिला की घोडा ‘खाऊन तगडा’ होतो अशी समजूत. मधले दहा तास पोट रिकामं. मग पोटात व्रण होतात, तंग कसताना तू मान वळवून दात दाखवतोस, आणि तुझी देखभाल करणारा मोतद्दार थोबाडावर एक ठेवून देतो. तंग कसताना चावणारा घोडा खोडकर समजण्याआधी त्याचं पोट आणि पाठ तपासावी, एवढं तरी प्रत्येक केंद्राने शिकावं. पोटशूळाची भीती तर कायमचीच. तुला उलटी होत नाही, आत अडकलेलं वर येत नाही, आणि डॉक्टर पोचेपर्यंतचा प्रत्येक तास मोलाचा असतो.

नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी यायला हवा. दातांच्या धारदार कडा वर्षातून एकदा घासून घ्यायला हव्यात. धनुर्वाताची लस, जंताचं औषध. यात्रेतून आणलेल्या घोड्याची ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याशिवाय त्याला मुलांच्या जवळपासही फिरकू देऊ नये. तो रोग माणसाला होतो आणि बाधित घोड्याला कायद्याने मारावं लागतं. याच्यावर जास्त बोलायची गरज नाही, हे पैशांचं आणि शिस्तीचं काम आहे.

झोपेचं मात्र सांगायलाच हवं. तू उभ्याउभ्या डुलकी घेतोस म्हणून घोडा उभाच झोपतो असं लोकांना वाटतं. गाढ झोप तुला आडवं झाल्याशिवाय लागत नाही. दिवसाला अर्ध्या-पाऊण तासाची का होईना, पण ती हवीच. आणि आडवा तू तेव्हाच होतोस, जेव्हा जागा मऊ आणि कोरडी असते, बांधलेलं नसतं आणि दुसरा कुणी घोडा जवळ जागा असतो. अगाडी-पिछाडीच्या दोरांत रात्रभर जखडलेला, एकटा ठेवलेला घोडा महिनोन्महिने गाढ झोपलेला नसतो. तो सकाळी केंद्रात ‘शांत’ दिसतो.

काम किती? चालायचं तर आहे, म्हणून दिवसभर फिरवायचं, असं तुझ्या बाबतीत करू नये. वाकडं बसलेलं मूल तुझ्या पाठीच्या एकाच बाजूवर भार टाकतं. बाजूचे मदतनीस दमले की नकळत तुझ्या कंबरेवर हात टेकून चालतात. आणि मैदानात तुला बहुतेक एकाच दिशेने गोल फिरवलं जातं. म्हणून दिशा बदलायची, सत्रांमध्ये खोगीर उतरवायचं, आणि आठवड्यातून काही वेळा चांगल्या स्वाराने तुला मैदानाबाहेर माळावर न्यायचं, चढ-उतारावर, दोन्ही अंगांनी. एप्रिल-मे महिन्यात सकाळी नऊनंतर काम नाही. आणि आठवड्यातून दोन दिवस पूर्ण सुट्टी.

हे सगळं ज्याच्यावर अवलंबून आहे त्या माणसाचा उल्लेख केंद्रांच्या माहितीपत्रकात क्वचितच असतो. थेरपिस्टचा फोटो असतो, संस्थापकांचा असतो, तुझा तर असतोच, मुलाने तुझ्या मानेला मिठी मारलेला. मोतद्दाराचा नसतो. पहाटे खरारा करताना तुझ्या पाठीची कातडी कुठे थरथरली, काल संपवलेली वैरण आज का उरली, लीद कमी का झाली, हे त्यालाच कळतं. त्याला दहा घोड्यांमागे एकटा ठेवायचा, कमी पगार द्यायचा, आणि “आज हा नको काढायला, साहेब” असं तो म्हणाला तर पालक येऊन बसलेत म्हणून त्याचं ऐकायचं नाही, हे अनेक ठिकाणी चालतं. ‘आज नको’ म्हणायचा अधिकार त्याला दिला, तरच तो तुला मिळतो. तुझ्या वतीने बोलणारा दुसरा कुणी नाही.

शेवटी पैशांचं, म्हणजे तुझ्या म्हातारपणाच्या खर्चाचं बोलायला हवं. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या हौसेच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा गाडीवानांच्या पोटापाण्याची जेवढी चर्चा झाली तेवढी त्या घोड्यांच्या उरलेल्या आयुष्याची झाली नाही. उपचाराच्या घोड्याचंही हेच होतं. विसाव्या वर्षाच्या आसपास सांधे आखडतात, चाल आखूड होते, आणि तो ठेका आता मुलाच्या उपयोगाचा राहत नाही. कामातून तू निघालास तरी आयुष्यातून निघत नाहीस. नीट सांभाळलास तर पंचवीस-तीस वर्षं जगतोस. त्या उरलेल्या वर्षांत तुला पुन्हा त्याच बाजारात, त्याच ‘गरीब जनावर आहे’च्या आरोळीत उभं केलं, तर आधीचं सगळं प्रेम फोटोपुरतं होतं.

म्हणून पालकांना माझं सांगणं, मुलाचं नाव घालण्याआधी एकदा न कळवता दुपारी तबेल्यात जा. वैरण समोर आहे का, घोडे मोकळे आहेत का, या घोड्याने आज किती फेऱ्या केल्या, मागचा थकलेला घोडा कुठे गेला, हे मोतद्दाराला विचारा, संचालकांना नको. आणि केंद्र काढू पाहणाऱ्यांना सांगणं एवढंच, की तुझ्या म्हातारपणाच्या वैरणीची तजवीज ज्यांच्या हिशेबात नाही, त्यांनी तुला विकत घेऊ नये.

तुझा,
एक हितचिंतक